चिंचेने घासलेली गिटार

वाद्याची सेवा हीच खरी साधना, असे आमच्या संगमनेरच्या ऑर्केस्ट्राचे मालक सांगत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या खुंट्यांची इलेक्ट्रिक गिटार आणली. खंडेनवमीला संध्याकाळी ती साखर कारखान्याच्या संचालकांपुढे मिरवायची, म्हणून सकाळीच ते चिंच आणि राख घेऊन बसले.

"मालक, नुसत्या मऊ फडक्याने पुसा. मुलामा जाईल," मी म्हणालो.

"आमचे देव दरसाल चिंचेनेच उजळतात. तूच एक शहाणा!"

"देव भरीव पितळेचे आहेत."

त्यांनी भक्तिभावाने घासले. सोने फडक्यावर आले आणि खुंट्या जुन्या पातेल्यासारख्या दिसू लागल्या. संध्याकाळी कार्यक्रमभर मालक गिटार गळ्यात अडकवून खुंट्या पंजाने झाकून उभे होते. वादनात खंड पडला नाही. आमच्याकडे ॲम्प्लिफायर एकच होता आणि तो गायिकेच्या माईकला जोडलेला असे.