आमच्या तिण्णैवरची मोजणी

सेतुमाधवराव पहिल्यांदा आमच्याकडे आले ते चपला न काढताच तिण्णैवर बसले. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. मुलांनो, तुम्ही तो पाहिला नाहीत, त्याला कारण हेच गृहस्थ.

ते कॉलेजात वाहतूक अभियांत्रिकी शिकवत. राजवाड्यामागची आमची गल्ली रुंद करायची का, हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. माझ्या हातची कॉफी पीत ते कागदावर रेघा मारत बसले. दुचाकी एका रकान्यात, ऑटो दुसऱ्यात. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. "आजची वाहनं मोजायची, वीस वर्षांची वाढ धरायची, त्यावरून रुंदी काढायची. यात भावना येत नाहीत, अक्का."

पण मोजायला दिवस निवडला तो आवणी या तमिळ महिन्यातल्या, लग्नाच्या मोठ्या मुहूर्ताचा! कोपऱ्यावरच्या मंडपात त्या दिवशी दोन लग्नं होती. मी म्हटलं, "सेतुराव, ही वऱ्हाडाची गर्दी. उद्या इथे मांजर फिरणार नाही."

"रस्त्याला पंचांग कळत नाही, अक्का."

"तुम्हाला तरी कळतं ना?"

ते हसले. "कॉफी फर्स्ट क्लास!"

मग मीच आठवडाभर खिडकीत बसून मोजलं. वहीत रकाने आखले, वेळा लिहिल्या आणि वही त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी एका बोटाने पानं उलटली. "अक्षर सुंदर आहे. पण घरमालकिणीची मोजणी कोण धरणार?" अहवालात लग्नाची गर्दीच गेली, वर वीस वर्षांची वाढ धरून.

तिण्णै पाडायला एक सकाळ पुरली. तुमच्या आजोबांचे गुडघे गेलेले. त्यांना गावात जाता येत नसे, म्हणून गाव त्या तिण्णैवर येऊन बसे. ओटा गेल्यावर माणसं रस्त्यावरूनच हात हलवून जाऊ लागली. आजोबा शेवटपर्यंत आतल्या खोलीत, कॅलेंडरकडे तोंड करून बसले. रुंद रस्त्यावर जास्तीची वाहनं आलीच नाहीत. आली ती उभी राहायला, आणि त्यांत पहिली सेतुरावांची पांढरी मोटार.

मागच्या महिन्यात ते कायमचे मुलाकडे चेन्नईला निघाले. निरोप घ्यायला आले आणि जुन्या सवयीने दारापुढे बसायला वाकले. मागे नेलेल्या हाताला काही लागलं नाही.

"कुठे बसू, अक्का?"

"बसणाऱ्यांची मोजणी तुम्ही केलीच नव्हती, सेतुराव."

कॉफी तयार होती. ती मी त्यांच्यासमोर, उंबऱ्यात उभी राहून, एकटीने प्याले.