इंजिनमामांचा कान

"कोनं बंद केलं इंजिन? अरे, कोनं बंद केलं?" शेठ ओरडत धावत आले.

"म्या," इंजिनाच्या पोटाखालून उत्तर आलं. "करकर येऊन राह्यली."

हे माझे लांबचे मामा. एवढ्या तिखट कानाचा आणि एवढ्या बोथट अकलेचा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. कारंज्याजवळच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकुनी करायचो, तिथल्या इंजिनाची देखभाल मामा करत. म्हणजे इंजिन ती सहन करत असे. लोखंडी सळईचं एक टोक यंत्रावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. कामापुरतं हे ठीक होतं; पण मामा सळई घेऊन गावभर हिंडत. पोहरादेवीच्या यात्रेत चालत्या बंडीच्या आसाला सळई लावून ते बंडीबरोबर कोसभर पळाले. माझ्या लग्नात सासरे खोकले, तर भर मांडवात त्यांच्या छातीला सळई टेकवून म्हणाले, "वायसर ढिली हाये!" सासरे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर त्या दिवशी कापसाच्या बंड्या फाटकापासून पार ओढ्यापर्यंत खोळंबल्या होत्या. शेठनी बजावलं, "मिस्त्री, दिवस मावळायच्या आत चालू नाई झालं, तर उद्यापासून येऊ नका." घरी मामांच्या लेकरांची पलटण होती. मामांनी पट्टे उतरवले, इंजिन खोललं, एकेक भाग गोणपाटावर मांडला. इंजिन गार पडलं तरी करकर चालूच! शेठ जवळ आले की वाढे, गादीवर जाऊन बसले की थांबे.

"शेठले पाहून लाजून राह्यलं," मामांनी निदान केलं.

एव्हाना बंडीवाल्यांपासून बैलांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की करकर शेठच्या कोऱ्या वहाणांची आहे. पण मोठ्या माणसाची वहाण वाजायचीच, ती त्याची इभ्रत. सांगणार कोण?

शेवटी मामांनी सगळं पुन्हा जोडलं आणि उन्हं कलताना इंजिन धडधडू लागलं. शेठ प्रसन्न झाले. "या उद्या," म्हणाले आणि वळले. त्या धडधडीतही मामांचे कान टवकारले.

"थांबा शेठ!"

मामा खाली बसले, शेठच्या पायाला सळई लावली, डोळे मिटले, आणि समाधानानं मान हलवून कुप्पीतलं तेल दोन्ही वहाणांवर ओतलं. शेठनी पाय उचलला तो थेट रुईच्या ढिगात! उठले तेव्हा पांढरी दाढी लागलेली. बंडीवाले असे हसले की बैल बिथरले. मामांची नोकरी तिथल्या तिथे गेली.

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. मागं इंजिन छान एका लयीत चाललं होतं. मामा क्षणभर थांबले, ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

मला राहवलं नाही. "मामा, नोकरी वाचली होती. कायले गेले शेठच्या पायाशी?"

"वाजत होतं," मामा म्हणाले.