धक्क्यावरच्या चपला

बॉथेल गावातलं घर विकून बोटीवर राहायला जायचं खूळ नवऱ्याचं. मुलं कॉलेजला गेली, आता एवढ्या मोठ्या घरात दोघांनी काय लपाछपी खेळायची, असं तो म्हणाला आणि मी मूर्खासारखी मान डोलावली. तेव्हापासून आम्ही लेक वॉशिंग्टनच्या काठी, एका लहानशा बंदरात बांधलेल्या बोटीत राहतो. बोट म्हटलं की इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या पँटी आणि सरबताचे ग्लास येतात. कसलं काय! आमची सकाळ उजाडते ती दोर तपासण्यात. वाऱ्याने गाठी सैल झाल्या का, तळाशी पाणी साचलंय का, ते उपसणारा पंप चालतोय का. त्या पंपाचा आवाज आला तरी मला धस्स होतं आणि नाही आला तरी होतं.

त्यात मागच्या ऑक्टोबरात पुण्याहून आई आली. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं, कानाचं यंत्र लावायचा कंटाळा, आणि पोहण्याच्या नावाने शंख. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातभर फट असते, खाली काळंशार गार पाणी. आई निऱ्या वर धरून ती फट ओलांडायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचे.

"अगं, गटार ओलांडतेच की आपण," ती म्हणायची.

"यार, तू उगाच टेन्शन घेतेस," नवरा म्हणायचा.

उगाच! आई पाण्यात पडलेली मला रोज दिसायची. भाजी चिरताना दिसायची, मीटिंगमध्ये बोलताना दिसायची. ती परत जाईपर्यंत मला धड झोप लागणार नव्हती.

आमची बोट आणि शेजारची बोट यांच्यामध्ये फळ्यांचा एकच अरुंद धक्का आहे. पलीकडच्या बोटीत सत्तरीचा एक अमेरिकन गृहस्थ एकटाच राहतो. आईचं इंग्रजी आणि त्याचं मराठी सारखंच, तरी दोघांचं चांगलं जमलं. तो तिच्यापेक्षा लहान असूनही ती त्याला "ते काका" म्हणायची आणि चार दिवसांनी एकदा काहीतरी करून वाटीभर नेऊन द्यायची.

त्या मंगळवारी नवरा ऑफिसला गेला होता. मी आत मीटिंगमध्ये, कानांत हेडफोन. तेवढ्यात खिडकीवर थापा. तो पलीकडचा शेजारी किनाऱ्यावरून कॉफी घेऊन आला होता. "तुझी आई आत आहे ना?" त्याने विचारलं. मी पुढची खोली पाहिली, मागची पाहिली, बाथरूम पाहिली. आई नव्हती. बाहेर आले. आईची एक चप्पल धक्क्याच्या अगदी कडेला होती. दुसरी पाण्यात तरंगत होती.

मी किंचाळले. त्याने कॉफी खाली ठेवली, बूट खेचून काढले आणि उडी मारली.

मला पोहता येतं. शाळेत असताना मी स्पर्धांना जायचे, बक्षिसंही आणायचे. पण पाय फळ्यांना खिळले ते खिळलेच. तो वर आला, श्वास घेतला, परत खाली गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी नुसती "आई, आई" करत उभी. फोन आत राहिला होता, तो आणायचंही सुचलं नाही.

"अगं, ओरडतेस काय अशी?"

आई शेजाऱ्याच्याच बोटीच्या दारात उभी होती. हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. ती त्याला शिरा द्यायला गेली होती. दार उघडं, आत कुणी नाही, मोरीत मात्र भांड्यांचा ढीग. "म्हटलं, एकटा माणूस, घासून टाकावीत." चपला अर्थातच बाहेर काढलेल्या. कुणाच्या घरात चपला घालून जातात का! त्यातली एक वाऱ्याने की कशाने सरकली, देव जाणे. नळाच्या आवाजात तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

आम्ही दोघींनी ओढून त्याला शिडीवरून वर घेतलं. तासभर तो आमच्या रजईत कुडकुडत बसला होता, आलं घातलेला चहा पीत, आणि वर हसत होता. मी मात्र आईवर तुटून पडले. "न विचारता लोकांच्या घरात शिरतेस? इथे पोलीस बोलावतात! तो म्हातारा मेला असता म्हणजे?" एरवी शब्दाला शब्द लावणारी आई, त्या दिवशी उठून त्याच्या कपात आणखी चहा ओतायला लागली.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. आई बाजूला येऊन बसली.

"एक बरं केलंस," ती म्हणाली, "तू नाही उडी मारलीस. तुझ्यामागे पोरं आहेत. मी काय, पिकलं पान. शहाणी आहेस."

शहाणपण कसलं गं आई. तू त्या पाण्याखाली आहेस याची मला पक्की खात्री होती, आणि तरी मी उभी राहिले. घाबरले, बस. तोंडाशी आलं होतं सगळं.

"हो," मी म्हटलं, "पोरांचाच विचार आला मनात."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.