चासच्या चढावर

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की हा शहाणा बोलतोय. राग आला की माझं डोकं थांबतं आणि हात चालतो. एकदा तो हात नको तिथं चालला, आणि त्याचं खापर मी आजवर एका स्पार्क प्लगवर फोडत आलोय.

आमचं गाव सुप्याच्या अलीकडं, पुण्याच्या बाजूला. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहे. आमच्या आळीत मोटारसायकलची किल्ली गाडीलाच असायची. ज्याला गरज त्यानं गाडी काढायची, काम उरकायचं, आणून लावायची, आणि समोर कुणी दिसलंच तर म्हणायचं, "दळान आनाया गेल्तो." विचारून नेली तर उलट माणसं नाराज व्हायची. इचारतो काय येड्या, परका हायेस का?

भिंतीला भिंत लागून माझा शेजारी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याची थोडी शेती आणि चार गाई. माझ्या आईला तो मावशी म्हणतो. माझ्या गाडीवरून त्याची पेंडीची पोती यायची, त्याच्या गाडीवरून माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या गेल्या. कुणाची गाडी कुठली, हे फक्त पेट्रोल भरायच्या वेळी आठवायचं.

मग माझी गाडी चोरीला गेली. गावातून नाही, कंपनीच्या गेटबाहेरून, भर दुपारी. शिफ्ट सुटली, बाहेर आलो, तर जागा रिकामी. शेजारच्या दोन गाड्या जशाच्या तशा, मधली माझीच तेवढी गायब. ठाण्यात हेलपाटे घातले. "तपास चालू हाय," हे एकच वाक्य सहा महिने ऐकलं. त्या काळात रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक काळ्या गाडीचा नंबर वाचायची मला सवय लागली. जेवताना चोराला शिव्या, झोपताना चोराला शिव्या. बायको म्हणायची, गाडी गेली ती गेली, आता तुमचं डोकं तरी घरी राहू द्या.

नवी गाडी घेतली आणि तडक भिंगारला एका गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडं नेली. त्यानं सीटखाली काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा बसवला. जीपीएस. मोबाईलवर नकाशात गाडी कुठं आहे ते दिसतं, गाडी सुरू झाली की मोबाईल वाजतो. शिवाय एक वायर त्यानं इंजिनच्या करंटला जोडली. म्हणाला, "बटन दाबलं की गाडी जागच्या जागी बंद. चोर कितीबी किका मारू द्या, व्हत न्हाई सुरू. फक्त पळत्या गाडीला दाबू नका, मानूस आपटंल. आन् ह्ये कुनाला सांगू नका. चोर वळखीतलेच असत्यात." मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. जिवलग शेजाऱ्याला तर नाहीच.

किल्ली मी घरात खिळ्याला लावायला लागलो. कंपनीत कंपनीच्याच बसनं जायचो आणि गाडी ओट्यापुढं ताडपत्री घालून झाकून ठेवायचो. आई म्हणायची, "देव्हाऱ्यात ठिव तिला आता, हळदकुंकू वाहीत जाईन मी." त्यानंतर गाडीची गरज पडली की शेजारी दारात यायचा आणि विचारायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला ते टोचलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मी खिळ्यावरची किल्ली काही गाडीला परत लावली नाही.

त्याची थोरली मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पोरगी कामाला वाघीण. सकाळी गाईंच्या धारा काढून कॉलेज, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पळणं. आठशे मीटरची वेळ मी लावायचो, माझ्या मोबाईलवर. "काका, किती?" हे तिचं शेवटच्या रेषेवरचं वाक्य, धापा टाकत. ती एकदा दोन मिनिटं अठ्ठेचाळीसवर आली, तेव्हा मी तिला वडापाव खिलवला आणि शेजाऱ्याला म्हणालो, "ही लागली समज." तो म्हणाला, "तुज्या त्वांडात साखर पडो." तो बोलायला साधा, पण त्या पोरीवर त्याचं सगळं लागलेलं होतं. ती लागली की धाकट्या दोघी शिकतील, हे त्याचं गणित. वयाची मर्यादा संपत आली होती, म्हणून हीच शेवटची संधी. हे सगळं मला ठाऊक होतं. तिचं नगरला ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, तेही ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी मीच तिच्या हातावर पेढा ठेवला होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते विसरलो. कसं विसरलो, ते अजून माझं मलाच कळत नाही.

मी बसमध्ये होतो, पहिल्या शिफ्टला निघालेला. बायको माहेरी गेलेली, घरात आई एकटी. सुप्यात शिरता शिरता मोबाईल वाजला. गाडी सुरू झाली. मी नकाशा उघडला, तर गाडीचा ठिपका गावातून बाहेर पडलेला आणि हमरस्त्यानं पळत सुटलेला. घरी फोन लावला, कुणी उचलेना. आई डेअरीत दूध घालायला गेली असणार, आणि ती मोबाईल कधी बरोबर नेत नाही. पुन्हा लावला. तोवर ठिपक्यानं सुपं ओलांडलं आणि नगरची वाट धरली. तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा? माझीच?

आमच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत. गेटवर लोखंडी खण आहेत, त्यात ठेवायचा आणि चावी वॉचमनकडं द्यायची. रांग पुढं सरकत होती. माझ्यापुढं दोन माणसं उरली, मग एक. स्क्रीनवर वेग दिसत होता, अठ्ठावन्न. वायरिंगवाल्याचं बोलणं आठवलं, मानूस आपटंल. मी मनात म्हणालो, आपटू दे भडव्याला. आणि बटण दाबलं. मोबाईल खणात टाकला, चावी दिली आणि आत गेलो.

पुढचे आठ तास मी खुशीत होतो, हे सांगायला लाज वाटते. मशीनवर उभा राहून दोन सोबत्यांना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. "बसला आसंल ढकलत, लेकाचा," असं म्हणून हसलो. जेवणाच्या सुट्टीत एक जण म्हणाला, साहेबांना सांगून लवकर जा की. मी म्हणालो, "कशाला? गाडी काय हालत न्हाई. चोर कटाळून पळून जाईल, न्हाईतर तिथंच घावंल."

शिफ्ट सुटल्यावर मोबाईल घेतला. शेजाऱ्याचे चौदा मिस्ड कॉल. मला वाटलं, गाडी चोरीला गेल्याचं सांगायला करत असेल बिचारा. उलट फोन केला तर त्याचा बंद. ठिपका मात्र नगरच्या वाटेवर, चासच्या चढावर गप उभा होता, सकाळपासून तिथंच. मी ते दोघं सोबती घेतले, एकाच्या गाडीवर तिघं बसलो, आणि हातात एक लोखंडी पाईप.

चढावर रस्त्याकडंच्या लिंबाखाली माझी गाडी स्टँडवर उभी होती. तिच्या शेजारी, पुढच्या चाकाला पाठ लावून, माझा शेजारी बसला होता. ऊन फिरलं होतं, सावली त्याला सोडून गेली होती, तरी तो गाडी सोडून सावलीला गेला नव्हता. मला बघून उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की तो मी जन्मात विसरणार नाही.

"आलास व्हय? कसं कळलं तुला?"

मी पाईप सोबत्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "रस्त्यानं जानाऱ्या एकानं सांगितलं."

त्यानं विश्वास ठेवला. मग एका दमात सगळं सांगितलं. पहाटेच त्याच्या गाडीची क्लचची तार तुटली. तो आमच्या दारात आला, आईकडं किल्ली मागितली, आईनं खिळ्यावरची काढून दिली. पोरीला मागं बसवून निघाला. "चढाला लागलो आन् एकदम बंद. बरं झालं, चढ हुता, येग कमी झाल्ता, न्हाईतर दोगंबी गेलो असतो. पेट्रोल बगितलं, हाय. सीट काढून बगितली. लई किका मारल्या. तुला फोन केलं, तू कामात असशील. अर्धा तास गेला. कोन थांबंना. मग एक कांद्याचा टेम्पो थांबला, त्यात एकाचीच जागा. पोरीला दिली बसवून."

"आन् तू?"

"मी कसा जातो? गाडी तुजी. तुजी आदीच एक गेलीया. ही पन गेली असती तर तुला काय त्वांड दावलं असतं?"

म्हणजे पोरगी एकटी गेली. तिच्या आयुष्यातल्या त्या एका दिवशी बाप मैदानाबाहेर उभा असायला हवा होता, आणि तो माझी गाडी राखत उन्हात बसला होता. मी ज्याला आठ तास चोर चोर म्हणून हसत होतो, तो सकाळपासून बिनपाण्याचा माझं सामान सांभाळत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या हातानं दिली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सोबती माझ्याकडं बघत होते. एक शब्द बोललो असतो, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या, कदाचित एक ठेवूनही दिली असती, आणि गोष्ट तिथं मिटली असती. मी काय केलं? मोबाईल बघितल्यासारखं करून इंजिन पुन्हा चालू करायचं बटण दाबलं, किक मारली, गाडी सुरू.

"प्लग आसंल," मी म्हणालो. "गार झाल्यावर घेतलं त्यानं."

"व्हय व्हय, प्लगच," तो म्हणाला. आणि माझ्याकडं बघून अपराधी हसला. "तुज्या गाडीला हात लावला आन् खराब केली बग मी."

सोबती त्यांची गाडी वळवून आमच्यासाठी न थांबता निघून गेले. नंतरही त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

संध्याकाळी पोरगी आली. टेम्पोवाल्यानं तिला नगरच्या वेशीवर, केडगावला उतरवलं होतं. तिथून पुढं रिक्षाला थांबायचा धीर तिला झाला नाही. ती पाठीवर बॅग घेऊन मैदानापर्यंत पळत गेली. गेट बंद व्हायच्या आत पोचली, शेवटच्या दहा-बारा जणींत. मग दम खाऊन झाला न झाला तोच आठशे मीटर. मी विचारलं, "किती?" रोज ती मला विचारायची, त्या दिवशी मी तिला विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

यादी लागली तेव्हा ती दोन मार्कांनी राहिली. दोन. केडगावपासून पळत आली नसती तर लागली असती का? देव जाणे. कुणी म्हणेल, नसतीही लागली. मीही स्वतःला रात्रंदिवस तेच सांगत होतो. पण मैदानावर तिची वेळ मी लावली होती. दोन मिनिटं अठ्ठेचाळीसला किती मार्क पडतात, ते मला पाठ आहे.

यादीनंतर आठवड्यानं शेजारी दारात आला. हातात प्लगची नवी डबी. "तुज्या गाडीचा हाय, इचारून आनला," म्हणाला. मी नको म्हणालो, तर त्यानं ती खिळ्याखालच्या फळीवर ठेवली. ती डबी अजून तिथंच आहे. मी उघडलेली नाही. किल्ली मात्र त्या दिवसापासून मी पुन्हा गाडीलाच ठेवतो. कुणी नेत नाही.

पोरगी आता सुप्यातच एका कंपनीत पॅकिंगला आहे. कधीकधी बसथांब्यावर भेटते. "काका, जेवलात का?" असं विचारते. मी हो म्हणतो आणि दुसरीकडं बघतो.

गेल्या महिन्यात तिनं स्वतःच्या पगारातून स्कूटी घेतली. पेढे द्यायला घरी आली. मी ओट्यावर माझी गाडी पुसत होतो, आत आई आणि बायको. पेढा माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "काका, तुमच्या गाडीला आहे तसलं जीपीएस मलापण बसवायचंय. कंपनीच्या गेटवरून गाड्या चोरीला जातात. तुम्ही ज्याच्याकडून बसवलं त्याच्याकडं घेऊन चला मला."

माझ्या हातातला फडका तसाच राहिला. या गाडीला जीपीएस आहे, हे मी गावात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"त्या दिवशी चढावर आमच्या अण्णांनी सीट काढली तेव्हा तो डबा दिसला होता मला," ती म्हणाली. अगदी हळू, आतल्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून. "लाल दिवा लुकलुकत होता. तेव्हा नाही कळलं काय ते. नंतर कंपनीत एकीच्या गाडीला बघितलं, तिनं सांगितलं मोबाईलवरून काय काय होतं."

मी फडका पुन्हा टाकीवर फिरवायला लागलो.

"मला फक्त नकाशा पाहिजे, काका. ते बंद करायचं बटण नको." मग भिंतीपलीकडं, तिच्या घराकडं बघून म्हणाली, "अण्णांना काही सांगू नका. ते अजून प्लगच म्हणतात. त्यांना दुसरा मित्र नाही."

माफी मागायची जागा तीच होती. पोरगी समोर उभी होती, पेढा हातात होता. आणि मी पेट्रोलच्या टाकीकडं बघत म्हणालो, "बरं. रविवारी जाऊ."