शाबुद्दीनचाचांचा चाकू

माझ्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला, तेव्हा लिहिताना चुकलंमाकलं पोटात घाला. परवा वसतिगृहात कुणी ओल्या दगडावर चाकू घासला आणि त्या वासाने बीडची कचेरी आठवली. तिथे मी नोकरीला असताना शेजारी बसणाऱ्या शाबुद्दीनचाचांचा बोरू तासायचा चाकू मीच दुरुस्त करायचो, मीच धार लावायचो. नोकरी सोडून निघालो त्या दिवशी घाईत तो खाली न ठेवता थेट त्यांच्या हातात दिला.

“हातात कावून दिला बे? आता आपलं भांडण व्हनार!”

“तुमच्याशी? न्हाई व्हत, चाचा.”

“मग याला धार कोन लावनार?” म्हणत ते रुसले, निरोपालाही उठले नाहीत. मला वाटलं, भांडण झालंच.

काल कचेरीतून पत्र आलं. चाचा गेले. चाकू पार बोथट झाला होता. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी तो दिलाच नव्हता.