वरची लीग, खालची लीग आणि माझे दोन भाऊ

मी मेहरूणला राहते, कॉम्प्युटर शिकवते आणि स्वभावाने पक्की घाबरट आहे. गॅस बंद केला का हे बघायला निम्म्या रस्त्यातून परत येते. अशा बाईच्या हाती सोळा नातेवाइकांची बेसबॉल लीग होती.

बेसबॉल म्हणजे कॉम्प्युटरमधला. खरी बॅट आमच्यात कुणी हातातसुद्धा धरलेली नाही. लॉकडाऊनमध्ये टाइमपास म्हणून सुरू केलं. प्रत्येकाचा एक संघ, खेळाडू आपण निवडायचे, सामना मशीन खेळवणार. मी रोज संध्याकाळी बटण दाबायचे आणि निकाल खेळाच्याच ॲपमधल्या ग्रुपवर टाकायचे.

मग पिंपळनेरच्या वडिलोपार्जित घराची वाटणी झाली आणि माझे दोन्ही मोठे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. मधला पहूरला निघून गेला. सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे कानबाईच्या नैवेद्याचे रोटसुद्धा त्या श्रावणात दोन घरांत वेगवेगळे झाले. मी रडले, दोघांच्या पाया पडले, काही उपयोग नाही. लीग मात्र दोघांनीही सोडली नाही. मधला ग्रुपवर चेंडू फेकणारा गडी मागायचा, "तुना डावखुरा पिचर देस का?" मोठा लिहायचा, "नही." बास, एवढंच. मला तेवढं पुरायचं.

पुढे तळातले संघ मुद्दाम हरायला लागले, कारण शेवटच्याला नवा खेळाडू निवडायचा पहिला मान असे. सगळे माझ्या मागे लागले, काहीतरी कर. मी दोन लीग केल्या, वरची आणि खालची. वरच्या लीगमधल्या शेवटच्या दोघांत एक सामना. जो हरेल तो खाली, आणि खालच्या लीगमधला पहिला त्याच्या जागी वर. वाटणी बघितल्यापासून मला वाटायचं की हद्द नीट आखली नाही की तंटा ठरलेलाच. म्हणून आणखी एक नियम घातला: दोन्ही लीगचे ग्रुप वेगळे, खेळाडूंची देवघेव आपापल्या लीगमध्येच. सगळ्यांनी वाहवा केली. मीही खूश.

हंगाम संपत आला तेव्हा मी तक्ता तीन-तीनदा तपासला. वरच्या लीगच्या तळाशी माझे दोघे भाऊच होते. कुणीही जिंको, एक जण खाली जाणार. मग "नही" म्हणायलाही जागा उरणार नव्हती.

निदान देवघेव तरी खुली करू या, असं मी घाईघाईने सुचवलं. धुळ्याच्या मामांनी लगेच खडसावलं, "चालू खेळमा नियम बदलू नको. भाऊसना लाड बंद कर." त्यांचंही बरोबरच होतं, त्याचाच राग आला.

रविवारी संध्याकाळी मी लॅपटॉपसमोर बसले. सामना पुन्हा पुन्हा खेळवून हवा तो निकाल आणता आला असता, कुणाला कळलंही नसतं. पण हवा तो निकाल होताच कुठे? दाबलं बटण. मोठा हरला. मी त्याला वरच्या ग्रुपमधून काढलं.

लगेच मधल्याचा फोन आला. आता हा हसणार, ते मोठ्याच्या कानावर जाणार, की संपलंच सगळं.

"भाऊले तू काढं का ग्रुपमाईन?"

"हो. नियम आहे ना."

  तो म्हणाला, "माले त्याना नंबर दे."

वाटणीच्या दिवशीच त्याने तो पुसून टाकला होता, आणि ॲपमध्ये नुसती संघांची नावं दिसायची.

"कशाला? भांडायला?" मी विचारलं. त्याने फोन ठेवला.

मी नंबर पाठवला. थोड्या वेळाने राहवेना म्हणून मोठ्याला फोन लावला. बिझी. मधल्याला लावला. तोही बिझी. पाणी प्यायले, पुन्हा लावले. दोन्ही बिझीच. देवा, भांडत असतील तर भांडू दे, पण फोन ठेवू देऊ नको, असं मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले.