सोमाला माझं काहीच लागलं नाही

करोनाच्या दुसऱ्या वर्षी आमची पलटण लडाखमध्ये होती. पोस्ट पंधरा हजार फुटांच्या वर. मी हवालदार, गाव वारूळवाडी, तालुका जुन्नर. लान्स नाईक सोमनाथ, म्हणजे आमचा सोमा, आंबेगाव तालुक्यातला, भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरात भातशेती करणाऱ्या घरातला. गावाकडे असतो तर आमची कधी गाठही पडली नसती. तिथं मात्र आमचं एकमेकांवाचून पान हलत नसे. मी आमच्याकडच्या टोमॅटोचं कौतुक सांगितलं की तो म्हणायचा, "तुमच्या टोमॅटोला काय चव हाय राव? नुस्तं पाणी. नाचणीची भाकर खाऊन बघा एकदा."

मी रजेवरून परत आलो, बेसवर नियमाप्रमाणे थांबलो आणि पोस्टवर चढलो. दुसऱ्या दिवशी रेडिओवर निरोप आला. बेसवरून माझ्याबरोबर गाडीत असलेला जवान पॉझिटिव्ह निघाला होता. सुभेदार साहेबांनी मला कडेच्या बंकरमध्ये वेगळं ठेवलं. ऑर्डर सरळ होती, आत कोणी जायचं नाही. लंगरमधल्या आचाऱ्याने माझ्या मगावर लाल रंगाची पट्टी ओढली, चुकून दुसऱ्या कोणी त्यातून पिऊ नये म्हणून.

ऑर्डर बरोबर होती. मी असतो तरी तीच दिली असती. फक्त तो मग पाहून आजोबा आठवले. आमच्या समाजाने धम्म स्वीकारला त्याच्या आधी त्यांना हॉटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा, आणि तो कप बाहेर वळचणीला पालथा असायचा. आजोबांना कुठलाही आजार नव्हता.

त्या रात्री खोकला सुरू झाला. आडवं झालं की छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज यायचा. मी समजलो, झाला करोना. हाक मारली नाही. माझ्यापायी दुसऱ्या कोणाला लागायला नको, असं वाटलं.

सकाळी ०६४० ला सोमा चहा घेऊन आला. दाराबाहेरच्या दगडावर रात्रीचा मग तसाच भरलेला, चहाचा बर्फ झालेला. त्याने दोनदा हाक मारली. मी उत्तर दिलं नाही म्हणून तो सरळ आत आला.

"सोमा, बाहेर हो. लागेल तुला."

"गप बसा."

त्याने बंकरच्या दारातूनच वॉकीटॉकीवर सुभेदार साहेबांना गाठलं.

"आत का गेलास? ओव्हर."

"साहेब, शिव्या मागनं द्या. ह्यांचे ओठ निळे पडल्यात. ओव्हर."

साहेबांनी खालच्या एड पोस्टवरच्या नर्सिंग असिस्टंटला रेडिओवर घेतलं.

"ताप?"

"अंग गार हाय."

"आडवा केल्यावर वाढतं?"

"व्हय. रातभर बसूनच व्हतो म्हणत्यात."

"थुंकी?"

"गुलाबी. फेसाळ."

मग आवाज आला, "हेप वाटतोय. उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरतं. ऑक्सिजन लावा आणि लगेच खाली आणा. चालवू नका, झोपवू नका. मास्क ठेवा, टेस्ट खाली करू. ओव्हर."

ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. स्ट्रेचरवर झोपवावं लागलं असतं. सोमाने ब्लँकेटची मोठी झोळी केली आणि मला बसल्या अंगाने पाठीवर बांधून घेतलं. त्यांच्या वाडीवर रस्ता नाही. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात असंच उतरवतात म्हणे. पुढे एक जण वाट शोधत, मागे एक जण सिलिंडर धरून. बाकीचे पाळी मागत होते, पण हा कोणाला हात लावू देईना.

वाटेत एकदा टेकवलं. लाल पट्टीच्या मगातून मला दोन घोट गरम पाणी पाजलं आणि उरलेलं स्वतः पिऊन टाकलं.

"अरे, माझं उष्टं..."

"तुमाला रोग न्हाई. डोंगूर बाधलाय तुमाला. बाधलेलं कुणाला लागत न्हाई."

जवानांच्या मास्कच्या आड हसू फुटलं. खरं तर टेस्ट व्हायची होती. त्याचा तो उतावळेपणा होता, पण मला त्या वेळी रडू आलं.

हॉस्पिटलमध्ये टेस्ट निगेटिव्ह आली. जसजसा खाली उतरलो तसतशी छाती मोकळी झाली होती. मला बरं करणारं अर्धं औषध म्हणजे सोमाची पाठ.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गस्तीवर असताना बर्फाचा कडा कोसळला. सोमा त्याखाली गेला.

मी तेव्हा ड्युटीवर होतो, अंत्यविधीला जाता आलं नाही. पुढच्या रजेत त्याच्या घरी गेलो. खाचरांत भाताची रोपं लागली होती. त्याची आई ओट्यावर एकटीच होती. मला पाहिल्यावर शेजारणीने आपलं दार लोटून घेतलं. मला उलगडा होईना.

मी नाव सांगितलं, तिला मावशी म्हटलं. तिनं चहा दिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांग मिलिंदा. तुझा आजार माझ्या सोमाला लागला व्हता का रं?"

तेव्हा कळलं. सोमाने मला पाठीवरून आणल्याचं फोनवर मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. शवपेटी सीलबंद आली, सोबतचे जवान मास्क लावून. लोकांनी दोन आणि दोन पाच केले. तेव्हापासून या घरी कोणी पाणीही पीत नव्हतं. पण मावशीला लोकांच्या वागण्याचं दुःख नव्हतं. लेकानं माणुसकी केली आणि त्यातच तो गेला, हे तिला आतून खात होतं.

मी खाचराकडे बोट केलं. "मावशी, करपा पडला तर काय होतं?"

"ह्या खाचरातनं त्या खाचरात जातो."

"आणि एखादं रोप पाण्यात बुडून पिवळं पडलं तर?"

"त्येच मरतं. शेजारच्याला काय व्हतंय?"

"करोना करप्यासारखा. माझं त्या बुडालेल्या रोपासारखं होतं. सोमानं मला पाण्यातून वर काढलं. त्याला माझं काहीच लागलं नाही. त्याला बर्फानं नेलं."

ती म्हणाली, "मंग त्यानं तुला आणलं, त्ये बरंच केलं म्हणायचं."

"मी बसलोय ना तुमच्यासमोर."

तिने डोळे पुसले आणि शेजारणीला हाक मारली. दार किलकिलं झालं. ती बघत असतानाच मावशीनं माझ्या हातातला कप घेतला आणि माझा उरलेला चहा पिऊन टाकला.

आता मी रिटायर झालोय. लावणीच्या दिवसांत दरवर्षी जातो. ओट्यावर सोमाचा फोटो आहे, युनिफॉर्ममधला. आता चहा शेजारीण आणते, आम्ही तिघं त्याच्यासमोर बसून पितो. चौथा कप मावशी फोटोपुढे ठेवते.